ढगावरची काळी रेघ

आभाळमावशीला आभाळाचा नाद लागला तो पाठदुखीमुळे. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण झालं तसंच. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती बावीस वर्षं कामाला होती. तळमजल्यावरची यंत्रं चादरी धुऊन-पिळून बाहेर टाकायची. मावशी त्या ढकलगाडीत भरायची, लिफ्टने गच्चीवर न्यायची आणि बारा तारांवर वाळत घालायची. ओली चादर दिसते तेवढी गरीब नसते. दिवसाला दोन-अडीचशे झटकल्या की कमरेत कुणीतरी खुंटी ठोकल्यासारखं व्हायचं. शेवटी तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, दर तासाला कमरेवर हात ठेवा, मागे वाका आणि वीस आकडे मोजा. औषध काही नको."

आता मागे वाकलेल्या माणसाला बघायला दुसरं असतं तरी काय? पहिला आठवडा तिने नुसते आकडे मोजले. दुसऱ्या आठवड्यात, बाराव्या आकड्याला, तिला निळ्यात एक चांदीचा कण सरकताना दिसला. त्याच्या मागे खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटत चालली होती. कण डोक्यावरून पुढे निघून गेला आणि मग, अर्ध्या एक मिनिटाने, त्याचा आवाज आला. तोही मागून, रस्ता विचारत विचारत आल्यासारखा. मावशीचे वीस आकडे केव्हाच शंभरावर गेले होते. पाठ पुढे महिन्याभरात बरी झाली, पण मान काही खाली आली नाही.

त्या गावात विमानतळ नव्हता. विमानं तिथे उतरायची नाहीत, वळायची नाहीत, गावाला ओळखायचीही नाहीत. अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून नुसती जायची. ते जाणंच मावशीला आवडायचं. एवढी तीनशे माणसं वर बसलीत, कुणी झोपलंय, कुणी नाक मुरडून जेवतंय, आणि इथून बघावं तर तांदळाच्या दाण्याएवढं.

तिचा धाकटा दीर समारंभांचे फोटो काढायचा. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना, हातभर लांब भिंगासकट, वहिनीच्या हवाली केला. पहिल्या शंभर फोटोंत निळ्या रंगाशिवाय काही आलं नाही.

"वहिनी, मोकळ्या आभाळात कॅमेऱ्याला काही पकडताच येत नाही, तो गोंधळतो," दीर म्हणाला. "दिवसा चंद्र दिसेल तेव्हा त्याच्यावर नजर जुळवा आणि भिंगावरची ती फिरती कडी चिकटपट्टीने तिथेच बांधून टाका. चंद्र काय, विमान काय, त्याला सगळं सारखंच लांब."

राहिला हात हलण्याचा प्रश्न. तो मावशीने स्वतःच सोडवला. वाळलेल्या चादरींनी भरलेल्या ढकलगाडीत ती सरळ उताणी झोपायची, कोपर दोन्ही कडांना टेकवायची आणि वाट बघायची. एकदा मोठ्या सिस्टर अचानक गच्चीवर आल्या. तारांमधून वाट काढत गाडीपाशी पोचल्या तर आत मावशी, डोळ्याला कॅमेरा लावलेली.

"हे काय चाललंय?"

"सिस्टर, दोन मिनिटं. चार इंजिनांचं आहे."

सिस्टर रागवायच्या बेतात होत्या, पण वर बघायची चूक करून बसल्या. चार बारीक रेघा निघत होत्या, थोडं मागे त्या जोडीजोडीने एकमेकींत मिसळत होत्या, आणि सगळ्यांत मागे नुसता कापूस. मग सिस्टर म्हणाल्या, "गाडीची चाकं तरी अडकवून झोपत जा बाई. घरंगळलात तर कुठल्या वॉर्डात घालू तुम्हाला?"

'आभाळमावशी' हे नाव त्याच आठवड्यात पडलं. रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी, रेघ रेंगाळून पसरत गेली तर उद्या-परवा पावसाची शक्यता, हे तिने बघून बघून ओळखलं होतं. दहापैकी सात वेळा ते बरोबर यायचं. तीन वेळा चादरी भिजायच्या.

घरी मात्र या नादाला किंमत नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर एकेक काच उजेडासमोर धरून चरा शोधायचा. घरी आला की डोळे मिटून बसायचा. तिने फोटो पुढे केला की एक डोळा उघडून म्हणायचा, "कालचंच दिसतंय." तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. तिने फोनवरच्या एका मंडळात फोटो टाकायला सुरुवात केली. तिथे तिच्यासारखी बरीच मंडळी होती, मानेचे पट्टे लावून बसलेली. कुठलं विमान कुठून कुठे निघालंय हे फोनच दाखवायचा, त्यामुळे मावशीला आता हे वरचे पाहुणे नावाने नाही तरी वेळेने माहीत झाले होते.

त्या मंडळातूनच एका मुलीचा निरोप आला. तिचे बाबा वैमानिक होते. येत्या गुरुवारी ते शेवटचं विमान नेणार, मग निवृत्ती. सकाळी दहा-वीसच्या सुमाराला ते मावशीच्या गावावरून जाणार होते. 'मावशी, सदतीस वर्षांत बाबांच्या विमानाचा जमिनीवरून एकानेही फोटो काढलेला नाही. तुम्ही काढाल का?'

मावशीने 'हो' लिहिलं आणि मग तिला भीती वाटली. आजवर फोटो चुकला तरी तो तिचा तिच्यापुरताच चुकत होता.

गुरुवारी सकाळी उठून बघते तर आभाळभर पातळ पांढरा ढग, दुधावर साय धरावी तसा. सूर्य दिसत होता, पण दिव्यावर कागद ठेवल्यासारखा. तिने चहा तसाच ठेवला.

"त्या पोरीला काय सांगू आता?" ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे नीट बघितलं. "मी येतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या गच्चीवर. दुकानात सांगतो उशीर होईल म्हणून."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तो एकदाही त्या गच्चीवर आला नव्हता. त्या दिवशी सिस्टरनी त्याला कुणाचा तरी नातेवाईक म्हणून वर सोडलं आणि तो चादरींच्या पांढऱ्या गल्ल्यांतून पाहुण्यासारखा अंग चोरून चालत आला. मावशी गाडीत झोपली. तो शेजारी उभा राहिला. वारा पडला होता. चादरी हलत नव्हत्या, ढग हलत नव्हता, आणि सगळीकडे असा मऊ उजेड होता की वर कुठे संपतं आणि खाली कुठे सुरू होतं ते कळेना. दहा-वीस झाले. फोनवरचं पिवळं विमान गावाच्या नावावर येऊन टेकलं. वर काहीच नाही.

"गेलं," मावशी म्हणाली.

"थांब," नवरा म्हणाला. "ती रेघ कसली?"

"कुठे?"

"तिकडे, टाकीच्या जरा डावीकडे. काळी. काचेला चरा पडतो ना, तशी."

आधी तिला दिसेना. मग दिसली. ढगाच्या पांढऱ्यावर एक करडी, सरळ, बारीक रेघ, आणि तिचं टोक संथपणे पुढे सरकत होतं. विमान ढगाच्या वर होतं. वर त्याची पांढरी रेघ उमटत होती आणि उन्हाने तिची सावली खालच्या ढगावर पडली होती. या नादाच्या पाच वर्षांत मावशीने हे कधी पाहिलं नव्हतं. आज बघितलं ते चरे शोधणाऱ्या डोळ्यांनी. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि टोक ढगात विरेपर्यंत दाबत राहिली. मग आवाज आला, तोही सायीतून गाळून आल्यासारखा.

मुलीला तिने तोच फोटो पाठवला. 'विमान आलं नाही, फक्त सावली आली. माफ करा,' असं खाली लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. मावशी कामात चुका करायला लागली, उशांचे अभ्रे चादरींच्या तारेवर घालू लागली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज वयस्क, सावकाश.

"गच्चीवरच्या मावशी का? मी त्या विमानातला."

मावशी कठड्यावर बसली. "साहेब, फोटो नीट आला नाही हो."

"ते राहू द्या. तुमच्या गावापाशी मीही खालीच बघत होतो. सूर्य पाठीमागे होता. पुढे ढगावर आमच्या विमानाची सावली पळत होती, तिच्याभोवती रंगीत कडं, आणि तिच्या मागे काळी रेघ. सहवैमानिकाला म्हटलं, बघून घे, आपलंच आहे. आणि घरी आलो तर मुलीने तीच रेघ फोनवर दाखवली. खालून काढलेली."

मावशीने मनात कैक दिवस असलेलं विचारून टाकलं. "आमचं गाव दिसतं का तुम्हाला कधी?"

"खोटं कशाला सांगू? तुमचं गाव म्हणजे आम्हाला रेडिओचा आकडा बदलायची जागा. पण कधीकधी ऊन तिरपं असलं की छपरं चमकतात. एक विझतं, पुढचं पेटतं. चहाचा घोट घेईपर्यंत संपतं."

"बरं," मावशी म्हणाली. तिला तेवढं पुरलं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. पण वरची बाजू कुठली तेच कळत नाही. मुलगी म्हणते उलटा लागलाय, जावई म्हणतो बरोबर आहे. घरात वाद पेटलाय."

मावशीने डोळे मिटून तो ढग आठवून पाहिला. सगळीकडे पांढरं आणि मधून एक रेघ.

"साहेब, मलाही नाही सांगता येणार," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारून कळवते. रेघ त्यांना सापडली."

आणि संध्याकाळी नवरा दारात चपला काढत होता तेव्हाच तिने तो फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने तो खिडकीच्या उजेडाकडे नेला, एकदा असा धरला, एकदा तसा, आणि जेवण निवलं तरी तिथेच उभा राहिला.