शेवटचा फटका ज्याचा

मुबशिरानं स्टीलचा डबा स्नेहलच्या पुढ्यात ठेवला. झाकण काढलं आणि आतला तळ सगळ्यांना दिसेल असा डबा आडवा धरला. आत काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

"तुझा डबा," ती म्हणाली. "दिवाळीपासून पडलाय आमच्यात. झाकणासकट हाय, बघून घे."

शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी सहाजण होते. सगळ्यांचे चहाचे कप हवेत थांबले. कोल्हापुरात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर टाकतात, तीही नसली तर दोन लवंगा. नऊ वर्षं या दोघींमध्ये दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा याच डब्यातून जात-येत होता. स्नेहलनं डबा उचलला, झाकण लावलं, पिशवीत घातला आणि तासाला निघून गेली.

मुबशिरा शिकलगार सेहेचाळीस वर्षांची. मुलींनाही मुलांनाही मराठी शिकवते. आवाज असा, की वरच्या मजल्यावर कविता म्हटली तर खाली शिपाई ज्ञानू मान डोलावतो. लग्न एकदा झालं आणि चार वर्षांत मोडलं. मोडताना जी बैठक बसली, तिथं सात पुरुष होते. प्रत्येकानं तिच्याबद्दल मत दिलं. ती दोनदा बोलली. दोन्ही वेळा एकेक जण म्हणाला, "बरोबर हाय बेटा, कळलं आमाला," आणि भलतंच काहीतरी सांगायला लागला. त्या दिवसापासून "कळलं" हा शब्द तिच्या डोक्यात जातो. कळलं ना? मग सांग बघू मी काय म्हणाले ते!

तिच्या वर्गातला भांडणाचा तास यातूनच निघाला. तिला कुणी शांतिदूत म्हटलं तर ती चिडते. शनिवारी सकाळच्या शाळेतला शेवटचा तास. आठवड्यात ज्यांची भांडणं झाली असतील, त्यांनी पुढच्या बाकावर शेजारी शेजारी बसायचं. नियम तीन. शेवटचा फटका ज्याचा, त्यानं आधी तोंड उघडायचं. तोंड उघडून आपली नाही, समोरच्याची तक्रार सांगायची. समोरचा "व्हय, हेच" म्हणेपर्यंत सांगत राहायची. आणि माफी मागायची नाही. सॉरी म्हणून पोरं पाच मिनिटांत पुन्हा मारामारीला मोकळी होतात. त्यापेक्षा आता काय करणार ते सांगायचं. अकरा वर्षं हा तास चालू होता. ओरड व्हायची, रडारड व्हायची, कधी दोन शनिवार पुरायचे नाहीत. पण दप्तरातल्या पट्टीनं डोकं फोडायचं प्रमाण मात्र कमी झालं होतं.

आता तिच्या स्वतःच्याच डोक्यात पट्टी घातली गेली होती.

गावात मार्चच्या सुरुवातीला गडबड झाली. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी ठेवलं, कुणीतरी ते हजार जणांना दाखवलं, दुपारी दगड उडाले, दोन दिवस दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी सातवी ब च्या पालकांच्या ग्रुपवर एक यादी आली. कुणाकडून खरेदी करायची नाही त्याची. बेकरी, गादीवाला, फळवाला आणि नववं नाव सोहेल टेलर्स. सोहेल म्हणजे मुबशिराचा धाकटा भाऊ. बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. याच शाळेचे गणवेश तो पंधरा वर्षं शिवतो. मापं मार्चमध्ये घ्यायची आणि जूनला कपडे द्यायचे, एवढ्यावर त्याचं वर्ष चालतं.

यादी टाकली होती वर्गशिक्षिकेनं. स्नेहलनं.

"अगं, फॉरवर्ड होतं ते," स्नेहल दुसऱ्या दिवशी म्हणाली होती. "मी नीट वाचलंबी न्हाय. डिलीट केलं की नंतर."

"नंतर म्हंजे कधी?"

"संध्याकाळी."

"दिवसभर काय करालतीस? अठ्ठावन्न पालकांनी बघितलं."

"सोहेलला कोण म्हणतंय का काय? तो घरचाच हाय. ते बाहेरच्यांसाठी हाय."

"बाहेरचे म्हंजे कोण गं?"

यावर स्नेहलनं हजेरीपुस्तक उघडलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी मुबशिरानं डबा आणला होता.

मुख्याध्यापक विश्वजित सरांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुष्पगुच्छ मागवले. दोन. शाळेत शांतता सप्ताह घ्यायचा, दोघींनी एकमेकींना गुच्छ द्यायचा, फोटो वरती पाठवायचा.

"बाई, तुमचा तो भांडणाचा तास पण दाखवू की पाहुण्यांना," ते म्हणाले. "छान उपक्रम आहे. झालं गेलं विसरायचं."

"काय झालं, सर?"

"म्हणजे?"

"विसरायचं काय ते आधी तुम्ही सांगा. मग विसरते."

सर हसले. मुबशिरा हसली नाही. गुच्छ टेबलावर राहिले आणि तिसऱ्या दिवशी ज्ञानूनं ते वाळल्यावर टाकून दिले. शांततेचा फोटो काढायला सगळे तयार. ती यादी चुकीची होती, एवढं ग्रुपवर लिहायला मात्र एकही माणूस तयार नाही. या शाळेत चौदा शिक्षक आहेत. चौदांनी यादी बघितली होती.

घरी आई, हाफिजा, तांदूळ निवडत होती. डब्याचं ऐकून तिचा हात ताटातच थांबला.

"रिकामा? अगं, साखर तरी टाकायचीस गे चिमूटभर!"

"त्या यादीत साखर टाकली होती का तिनं?"

"जान दे गे. शाळेत रोज तोंड बघायचंय तिचं."

"तोंडच बघायचंय, अम्मी. तेच तर."

सोहेल मशीनवर बसला होता, पण मशीन चालू नव्हतं. मार्चचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत त्याच्या गळ्यातली टेप रात्री जेवतानाच उतरायची. या वर्षी पालक रस्त्यात भेटायचे, तब्येत विचारायचे, आणि म्हणायचे, यंदा जुनाच चालवतोय. यंदा आत्याकडनं शिवून आलाय. कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं.

"कुणी शिवी घातली असती तर उत्तर देता आलं असतं," सोहेल म्हणाला. "ही माणसं नमस्कार करत्यात."

शनिवारी सातवी ब मध्ये भांडणाच्या तासाला बाकावर दोघं होते. राजवीर आणि आफशीन. आफशीननं कंपासपेटी राजवीरच्या कानावर मारली होती. कान लाल होता. शेवटचा फटका तिचा, म्हणून तोंड आधी तिनं उघडायचं.

"ह्याची तक्रार हाय की मी त्याला मारलं," आफशीन म्हणाली.

"व्हय, हेच," राजवीर म्हणाला.

"आता तू. तिची."

राजवीरनं बाकाच्या कडेचं लाकूड उकरलं. "मी म्हणालतो, तुमच्यात आता आमी कपडे शिवत न्हाय. म्हणून तिला राग आला."

"व्हय, हेच," आफशीन म्हणाली आणि रडायला लागली.

"पण बाई," राजवीरचा आवाज चढला, "माझं काय चुकलं? ग्रुपवर आलतं. स्नेहल बाईंनीच टाकलं. पप्पांनी मला वाचून दाखवलं. मग मला एकट्यालाच का बसवताय?"

आफशीननं नाक पुसलं.

"व्हय की. स्नेहल बाई का बसत न्हाईत?"

मुबशिरा दारातून बाहेर पडली आणि शेजारच्या वर्गात गेली. स्नेहल फळ्यावर अपूर्णांक लिहीत होती.

"सातवी ब मध्ये चल. पोरं बोलवायल्यात."

"कशाला?"

"भांडणाचा तास हाय."

"पोरांसमोर?" स्नेहलनं खडू खाली ठेवला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"यादी त्यांच्या आईबापांसमोर टाकलीस. आता लाज वाटायली?"

स्नेहल आली. येताना तिनं पदर खोचला होता, भांडायला निघालेल्या बाईसारखा. दोघी पुढच्या बाकावर बसल्या. बाक लहान, गुडघे वर आले. कुणी हसलं नाही.

"तू बोल आधी," मुबशिरा म्हणाली.

"बाई," राजवीर मागून म्हणाला, "शेवटचा फटका कुणाचा?"

मुबशिराचे कान तापले. यादी आधीची. डबा नंतरचा. नियम तिचा, अक्षर तिचं, भिंतीवरचा कागदही तिनंच चिकटवलेला. जिच्या भावाचं दुकान बसवलं, तिनंच आता बसवणारीची तक्रार स्वतःच्या तोंडानं सांगायची! तिला वाटलं, उठावं आणि तो कागद फाडून टाकावा. सदतीस पोरं बघत होती.

"माझा," ती म्हणाली. "हिची तक्रार अशी, की मी डबा रिकामा दिला आणि सगळ्यांसमोर हिचा अपमान झाला."

"न्हाय," स्नेहल म्हणाली.

"नऊ वर्षांची मैत्री मी एका मेसेजवरनं तोडली."

"न्हाय."

"मग काय? मला काय ठाऊक? सांग की!"

स्नेहलनं पोरांकडं बघितलं, मग फळ्याकडं. "आमच्या माई, माझ्या सासूबाई, तुझा शीरखुर्मा कधी खात न्हाईत. नऊ वर्षं मी त्या घरात भांडतीया. डबा घरात येऊ देणार, म्हणून. परवा पिशवीतनं डबा त्यांनीच काढला. उघडला. म्हणाल्या, बघ, म्हणत न्हवते मी? नऊ वर्षांत त्यांना जे जमलं न्हाय, ते तू एका दिवसात करून दिलंस."

नियमाप्रमाणे मुबशिरानं ते सगळं परत सांगितलं. प्रत्येक शब्द दगडासारखा उचलावा लागला.

"व्हय," स्नेहल म्हणाली. "हेच."

"आता माझी सांग."

"यादीत सोहेलचं नाव होतं."

"न्हाय."

"माझ्यामुळं त्याचा सीझन गेला."

"न्हाय. तेबी हाय, पण ते न्हाय."

"मग मी... मी डिलीट केलं पण कुणाला काही सांगितलं न्हाय."

"न्हाय."

मैदानात दुसऱ्या वर्गाचा खो-खो चालला होता. स्नेहलनं पदर सोडला आणि तो हातात घेऊन पिळत बसली.

"मी वाचून टाकलं होतं," ती शेवटी म्हणाली. "न वाचता न्हाय. नववं नाव बघितलं. ह्यांनी पाठवलंतं, म्हणाले, तुझ्या ग्रुपवर टाक, बघू तू कुणाची हाईस ते. घरात रोज तेच चाललंतं. म्हटलं, टाकावं आणि जेवावं शांततेत."

"व्हय," मुबशिरा ओरडली. "हेच! तुझ्या घरातल्या शांततेसाठी माझ्या भावाचं दुकान! आणि मला म्हणालीस, फॉरवर्ड होतं. मला खुळ्यात काढलंस, स्नेहल!"

स्नेहल रडत होती. मुबशिरानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"सॉरी," स्नेहल म्हणाली.

"बाई, सॉरी चालत न्हाय," आफशीन म्हणाली. "काय करणार ते सांगायचं."

"शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिते मी."

"जिथं टाकलं तिथं," राजवीर म्हणाला. मग आपणच बोललो हे कळून त्यानं मान खाली घातली.

स्नेहलनं त्याच बाकावर बसून सातवी ब च्या पालकांना लिहिलं. ती यादी मी पूर्ण वाचून टाकली होती. ती चुकीची होती. मी माझ्या मुलीचा, अवंतिकाचा गणवेश सोहेल टेलर्सकडेच शिवणार आहे. खाली नाव लिहिलं. पाठवलं. घंटा झाली तोवर चार पालक ग्रुप सोडून गेले होते आणि एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. त्याचा अर्थ कुणाला लागला नाही.

विश्वजित सरांनी सोमवारी दोघींना बोलावलं. पालकांची तक्रार आली होती. शाळेत असले विषय कशाला काढायचे?

"सर, आता काढा फोटो," मुबशिरा म्हणाली. "दोघी इथंच हाय."

सरांनी फोटो काढला नाही.

पुढच्या रविवारी, भर अकरा वाजता, स्नेहल अवंतिकाला घेऊन सोहेलच्या दुकानात आली. माप घ्यायला पाच मिनिटं पुरतात. स्नेहल दुकानाबाहेरच्या स्टुलावर दीड तास बसली, गल्लीतनं जाणाऱ्या प्रत्येक पालकाला नावानं हाक मारत. "या की, माप देऊन जावा. आमचं झालं." काहीजण घाईत होते. तिघं आत गेले. चौघं असतील. तेवढ्यावर वर्ष चालत नाही, पण त्या दिवशी मशीन चालू झालं.

मुबशिरा समोरच्या किराणा दुकानात उभी राहून बघत होती. ती पुढं गेली नाही. तिचा राग अजून जागेवर होता. तिनं शोधून बघितला होता.

एप्रिलमध्ये तिच्या घरी वर्षाची चटणी झाली. मिरच्या उन्हात पडल्या, कांदा भाजला, लसूण सोलून हाफिजाची नखं दुखायला लागली, आणि सोहेलनं सगळं नेऊन डंकावर कांडून आणलं. त्याच आठवड्यात स्नेहलनं शिक्षकांच्या खोलीत पिशवीतनं तोच डबा काढून मुबशिरापुढं ठेवला.

"मीबी रिकामाच आणलाय," ती म्हणाली. "भरायचा का न्हाय ते तुझं तू बघ."

घरी हाफिजा म्हणाली, "शेवया दे थोड्या. गोड दे काहीतरी."

"गोड न्हाय," मुबशिरा म्हणाली, आणि डबा चटणीनं काठोकाठ भरला. वरून उलथन्यानं दाबला. आणखी भरला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत स्नेहल तिच्या शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले. रात्रीची भांडणं त्या घरात अजून चालूच होती, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"माईंनी हात न्हाय लावला," ती म्हणाली. "मी त्यांच्यासमोर बसून खाल्ली. भाकरीसंगं. त्या आणि हे, दोघंबी बघत होते."

"मग?"

"लई तिखट केलीया गं. डोळ्यातनं पाणी आलं."

"मुद्दाम केलीया," मुबशिरा म्हणाली. "अजून हाय घरात. संपली की डबा आण."

आणि घंटा व्हायच्या आधीच ती वर्गाकडं निघून गेली.