फिरत्या बटणाची शेगडी

माझ्या आईने निघोज्यात अठरा वर्षं खानावळ चालवली. चाकणच्या कंपन्यांत लागलेली, बायकामुलं गावाकडे ठेवून आलेली माणसं तिच्याकडे जेवायची. पहिल्या शिफ्टचे डबे पहाटे पाचला भरून तयार असायचे. चाळीस माणसांचं पिठलं ती एका हाताने घोटायची आणि दुसऱ्या हाताने तव्यावरची भाकरी उलटायची.

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कडेकडेने दिसेनासं होत गेलं, आणि तिने ते कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. आता तिला उजेड आणि अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, बस. खानावळ बंद केली आणि मी तिला मोशीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले.

सुरुवातीला ती माझ्या ओट्यावर सगळं करायची. फोडणी तडतडली की तिला वेळ कळायची, कांद्याच्या वासावरून रंग कळायचा. पण बारीक केलेल्या गॅसला आवाज नसतो. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या दोघांच्या सुट्टीच्या दिवशी, ती मिठाच्या बरणीकडे हात लांबवायला वाकली आणि पदर पेटला. माझा नवरा पाणी प्यायला आत आला होता म्हणून वाचली. त्याने पदर ओढून काढला, भरलेली कळशी तिच्यावर ओतली. हात कोपरापर्यंत भाजला होता. तो बरा व्हायला दीड महिना गेला.

"आई, आता गॅसला हात लावायचा नाही," नवरा म्हणाला. आईने वाद घातला नाही. "बरं," म्हणाली. मला त्या "बरं"ची धास्ती वाटली. माझी आई वाद न घालता काही ऐकणारी बाई नव्हे. त्यानंतर ती गॅलरीत खुर्चीवर बसून राहायची. मी डाळ निवडायला दिली तर हाताने चाचपून निवडायची, पुढे तेही नको म्हणू लागली.

मी चाकणला गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. आमच्या खोलीत चहासाठी एक इंडक्शन आहे. मी त्यावरचा चहा चार वर्षं पीत आले, पण शेगडीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी माझ्या मैत्रिणीने काचेवर वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि वर चहाचं पातेलं.

"हे काय करतेस?"

"दूध उतू गेलं की काच पुसत बसावं लागतं. कागद असला की बरं पडतं."

चहा उकळला. तिने पातेलं उचललं. कागद जिथल्या तिथे होता, नुसता गरम झालेला. मी तो हातात घेतला, उलटा करून बघितला. कागद जळत नाही तर पदर कसा जळेल? चहा तसाच ठेवून मी बाहेर गेले आणि घरी फोन लावला.

"आई, तू परत स्वयंपाक करणार आहेस."

"कशावर?"

"जाळ नसलेल्या शेगडीवर."

"जाळ न्हाई तर शिजतंय कसं?" तिने विचारलं. बऱ्याच महिन्यांनी तिने मला काहीतरी विचारलं होतं.

नवरा एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो लगेच हो म्हणाला नाही. "पदर पेटणार नाही, ते खरं," तो म्हणाला, "पण त्या शेगडीला बटणं नसतात गं. सपाट काच असते. आईंनी बोट कुठे ठेवायचं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण मला आता थांबवत नव्हतं. येत्या गुरुवारी दुकानात जाऊन बघायचं ठरवलं.

आईने त्या दिवशी सकाळी नऊलाच ठेवणीतली साडी नेसली. स्कूटरवर मागे बसून ती वाटभर मला विचारत होती. कढई चालते का, तवा चालतो का, लाइट गेली तर काय. लाइट गेली तर गॅस आहे आणि मी आहे, असं मी सांगितलं. आधी आम्ही चिंचवडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने माझ्याकडे बघत एकामागून एक शेगड्या दाखवल्या. आईने पहिलीवर हात फिरवला.

"हे तर आरशावानी हाय. बटण कुठं हाय?"

"मावशी, नुसतं बोट टेकवायचं," तो म्हणाला.

आईचं बोट काचेवरून फिरलं तशी शेगडी चालू झाली, बंद झाली, परत वाजली आणि शेवटी कुलूप लागून गप्प बसली. आईला हसू आलं. दाबायच्या बटणांची दुसरी शेगडी आली. त्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा होता आणि त्याखाली बटणं. मी म्हटलं, आपण चालूच्या बटणावर टिकली लावू, कमीच्या बटणावर दोन, जास्तच्या बटणावर तीन लावू. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतंच. तिथेच लावून बघितल्या. आईला बटणं सापडली. मला वाटलं झालं काम.

आईने चार-पाच वेळा दाबून बघितलं आणि मान हलवली. "आच वाढवायला जमतंय. पण आत्ता किती हाय ते कसं कळायचं?"

ते फक्त आकड्यांत दिसत होतं. लाल, छोट्या आकड्यांत.

"गॅसच्या बटणाला नुसता हात लावला तरी कळतं, केवढं फिरवलंय ते," आई म्हणाली. "तसं पायजे मला."

तोवर विक्रेताही आमच्यात गुंतला होता. त्याने फोनवरून चालणारी एक महागाची शेगडी काढली, बोलून हुकूम देता येतो म्हणाला. "भाजी करताना मी फोनशी बोलत बसू व्हय?" आईने विचारलं. तो हसला. मग जरा विचार करून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मावशींना पाहिजे ते आमच्याकडे नाही. हॉटेलवाले वापरतात त्याला फिरवायचं बटण असतं. पिंपरीत बाजारात हॉटेलच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं बघा."

मी त्याचे आभार मानले की नाही तेही आठवत नाही. आम्ही निघालोच.

पिंपरीच्या त्या गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती. आईचा हात धरून मी चालत होते, आणि निम्म्या गल्लीत मला कळलं की आता तीच मला ओढतेय. खानावळीची भांडी तिने याच बाजारात घेतली होती. दुकानात शिरताच तिने दाराशी रचलेल्या पातेल्याच्या काठावर हात ठेवला, मग आत हात घालून तळ चाचपला, बोटाने टिचकी मारली.

गल्ल्यावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची खानावळ होती का?"

"व्हय. कसं वळखलं?"

"घरच्या बायका भांड्याची चमक बघतात. तुम्ही आधी तळ बघितला."

आईने मान ताठ केली. मी शेगडीचं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. बाईंनी मागून एक शेगडी मागवली. पत्र्याची, दणकट, दिसायला काहीच नाही. चहाच्या गाड्यावर असते तसली. पुढच्या बाजूला काळं गोल बटण, वर टोक आलेलं. त्यांनी आईचा हात धरून त्या बटणावर ठेवला.

आईने ते फिरवलं. टक्. परत टक्. प्रत्येक घराला बटण अडत होतं आणि वाजत होतं. तिने दहापर्यंत मोजलं. उलटं फिरवून शून्यावर आणलं. मग मधेच कुठेतरी सोडून हात काढला, जरा थांबली, परत हात लावला आणि टोक चाचपून म्हणाली, "सहा."

मी बघितलं. सहाच होतं.

"हे कळतंय मला," आई म्हणाली.

बाईंनी पातेलंभर पाणी ठेवून दाखवलं. मी आईचा पदर धरून मुद्दाम पातेल्याला लागून काचेवर पसरला. पाणी उकळलं, पदराला काही नाही. मग त्यांनी आईला नीट समजावलं. पातेलं उचललं की शेगडी आपोआप थांबते आणि वाजते. पण भांड्यामुळे काच तापलेली असते, तिला लगेच हात लावायचा नाही. आईने ते सगळं त्यांना परत म्हणून दाखवलं.

मी नवऱ्याला फोन लावला. त्याने मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. दुकानात दोन आकार होते. मोठी नको, घरच्या वायरिंगला भारी पडेल, तो म्हणाला. छोटीला चालेल, पण तिला सोळा अँपियरचा पॉइंट लागेल, तो मी काढतो. मग त्याने विचारलं, "आईंना बटण जमतंय का?"

आईने माझ्या हातातला फोन चाचपून शेगडीजवळ ओढला. "ऐका, जावईबापू," असं म्हणून तिने बटण शून्यापासून दहापर्यंत फिरवलं आणि परत आणलं.

"घेऊन या," तो म्हणाला.

घरी पोचलो तर तो ड्रिल मशिन काढून ओट्यापाशी उभा होता. तो भिंतीत काम करत होता तेवढ्यात आई खाली बसली, मी सगळी भांडी तिच्याभोवती मांडली आणि फ्रिजवरचं लोहचुंबक तिच्या हातात दिलं. ज्याच्या तळाला ते चिकटेल तेच भांडं चालणार होतं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली एकजात नापास झाली. स्टीलची निम्मी पास झाली. लोखंडी तव्याला चुंबक घट्ट चिकटलं, पण त्याचा तळ गोल, तो काचेवर नुसता डुगडुगत होता. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी चाकणच्या बाजारातून सपाट तळाचा जाड तवा आणला.

आईने आधी दोन दिवस नुसतं पाणी उकळलं. पाचवर किती वेळ लागतो, आठवर किती. हात बटणावर, कान पातेल्याकडे. भांडं बरोबर मधोमध बसावं म्हणून नवऱ्याने काचेच्या मागच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. भांडं पट्टीला टेकलं की जागेवर आलं.

तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीचं पीठ मळलं. आम्ही दोघं दारात उभे होतो आणि ती आम्हाला तिथून जायला सांगत होती. पहिली भाकरी कडेला करपली आणि मध्ये कच्ची राहिली. दुसरी बरी झाली. तिसरीला तिने आच दोन टक् कमी केली, फडक्याने कडा दाबत गेली, आणि भाकरी फुगली. तिला ते दिसलं नाही, पण वाफ सुटल्याचा आवाज आला तसं तिने फडकं बाजूला ठेवलं. पहिली भाकरी नवऱ्याने मागून घेतली आणि सगळी खाल्ली.

आता सकाळचा डबा आईच करते. माझ्या डब्यातलं पिठलं कंपनीत आमच्या खोलीत माझ्या वाट्याला येतच नाही. मागच्या आठवड्यात जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, अजून एक पॉइंट काढा. एकीवर भाजी, एकीवर भाकरी पायजे. एका शेगडीवर लई वेळ जातो माझा."

"दुसरी पण तिथूनच आणायची का?" त्याने विचारलं.

"तिथूनच. पण या वेळी भाव मी करणार."

तो हात धुऊन आला आणि टेप घेऊन भिंत मोजायला लागला.