चायनीज मी शिकतेय, उत्तर पप्पांना आलं

...तर हो, चायनीज ऐकून उत्तरं द्यायचे ते ऑनलाइन एक्सरसाइज मी रोज करतेय. आठ महिने झाले. रविवारी परीक्षा आहे.

आज वाशीत आमच्या कापड दुकानात बसून एक स्पीकरवर लावला. दुकानदार आणि एका बाईचं बोलणं होतं. प्रश्न मी मोठ्यानं वाचला, "बाईनं कोट घेतला का?" कोट, किंमत, छान, सगळे शब्द कळले. मी 'घेतला' दाबलं.

पप्पा साडीची घडी घालत म्हणाले, "कुठं घेतला? गिऱ्हाईक पायरी उतरलंय. मागून बोलवायलाय त्यो दुकानदार, आवाजावरनंच कळतंय."

पप्पांचंच बरोबर निघालं. त्यांना चायनीजचा एक शब्द येत नाही. वर म्हणतात, "रविवारी मीच येऊ का?"

मी अजून सुन्न आहे. आठ महिने मी नक्की काय ऐकत होते? परीक्षेला बसू का नको, तुम्हाला काय वाटतं?