बिनपानांचं फूल

चैत्रातल्या त्या सकाळी मागचं दार उघडलं आणि एक अनोळखी, गारसर सुगंध अंगावर आला. मोगरा अजून कळीतही नव्हता. आणि हा गंध तर खालून, पावलांजवळून येत होता! वाकून पाहिलं, तर कुंपणापाशी भेगाळलेल्या मातीतून फुलं उमलली होती. देठ नाही, पान नाही, फांदी नाही. नुसत्या शुभ्र पाकळ्या आणि त्यांच्या ओठांवर जांभळी झाक. सारी बाग तहानेने म्लान झालेली असताना ही कोण लावण्यवती थेट धरित्रीच्या कुशीतून वर आली होती?

लग्न होऊन मी अंबरनाथला आले, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. यांना कारखान्याकडून मिळालेलं ते घर, मागे चिमूटभर बाग; घरात हे, सासूबाई आणि मी. पण त्या घरात अजून माझं असं काही नव्हतं. वरणाला फोडणी कशाची, पडदे कोणत्या रंगाचे, साऱ्याचे निर्णय माझ्या येण्याआधीच होऊन गेले होते. म्हणूनच की काय, कुणी न लावता आलेलं ते फूल मला माझं वाटलं. शेजारी निवृत्त शिक्षक लेले मास्तर राहत. बागेच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनाही नाव सांगता येईना. आठवडाभरात फुलं मातीत मिसळून गेली, आणि सगळे ती विसरलेही.

आषाढात नेमक्या त्याच जागी पानं आली. रुंद, हळदीसारखी, वर रुपेरी नक्षी आणि पाठ मात्र जांभळी. तो जांभळा रंग पाहून माझ्या मनात लख्खकन काही चमकलं.

मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले, "ही रानहळद, सूनबाई. उपटून टाका, नाहीतर बाग खाईल."

"पण फुलंही इथंच आली होती ना?"

"फुलं वेगळी, पानं वेगळी. पानांवाचून कधी फूल येतं का?"

यांनी तर त्या जागी गुलाब लावायचे ठरवलेच होते. उल्हासनगरच्या बाजारातून कलमं आणायची, इतकाच अवकाश. मी खुरपं घेतलं आणि कडेची माती हळूच दूर केली. गाठीसारखा एक कंद, आणि त्याला लोंबणारी अंड्यांएवढी मुळं. कंद नखाने खरवडून नाकाशी नेला मात्र, आणि मी सात वर्षांची झाले! काजूच्या झाडावरून पडून पाय मुरगळला होता. आईने सहाणेवर एक वाळका कंद उगाळून ऊन ऊन लेप लावला होता. तोच कापरासारखा, किंचित कडवट वास. "भुईचाफा आहे हो, उतरेल सूज," असं ती म्हणाली होती. ते नाव मी इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं, पण त्याचं झाड कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हा भुईचाफा!" मी सासूबाईंकडे धावले. "चैत्रातली फुलं याचीच!"

मास्तर हसले. "वासावरून वनस्पती ओळखायची म्हणजे कमालच!" हेही हसले.

मार्गशीर्षात पानं वाळून गेली आणि उरली ती उघडी माती. मी तिच्याभोवती विटा मांडल्या. शेजारणी विचारीत, "विटा पेरल्यात का हो?" मी हसून साजरं करी; पण आत शंकेचा काटा सलत असे. खरंच, नुसत्या एका वासावर किती विसंबावं माणसाने?

एका रविवारी हे कुदळ घेऊन निघालेच. मी वाटेत उभी राहिले. इतक्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "थांब रे. ती एवढं म्हणते आहे, तर चैत्र येऊ दे." कुदळ भिंतीला टेकली. त्या घरात माझ्या म्हणण्याला लाभलेला तो पहिला आधार!

आणि चैत्र आला. सासूबाई अंघोळीचं पाणी तापवायला पहाटे उठल्या होत्या; त्यांच्याच हाकेने मला जाग आली. "अगं, ऊठ! आली बघ तुझी फुलं!" विटांच्या मधोमध, एकही पान नसताना, ताठ मानेने फुलं उभी होती. मी पदर खोचायचंही विसरले. सासूबाईंनी तर कुंपणापाशी जाऊन साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "मास्तर, या हो! आमच्या सूनबाईचा भुईचाफा बघा!"

मास्तर आले, गुडघे टेकून बसले, कितीतरी वेळ पाहत राहिले. मग उठून दोन्ही हात जोडले. "सूनबाई, हरलो! आणि हरून इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. एक कंद द्याल?" यांनी कुदळ उचलली आणि गुलाबांसाठी पलीकडच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला.

पावसाळ्यात मी कंद वाटले. बदलापूरला राहणाऱ्या नणंदेकडेही एक गेला. अशाच एका दुपारी कोपऱ्यावरच्या कुलकर्णीबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक इवलं रोप घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "वहिनी, हे कसलं हो झाड? मास्तर म्हणाले, तुम्हालाच विचारा."

मी पान चोळलं, वास घेतला, उलटसुलट पाहिलं. मला काही म्हणता काही कळलं नाही. पण काय सांगू, किती सुखाने मी म्हटलं, "फुलू तर द्या त्याला. मग सांगते."