लग्नपत्रिकांची पिशवी

सुकराम सरांवर मी सहा महिने डूख धरून होते, हे आधीच सांगून टाकते. निवृत्त झाल्यावर सगळेच देवमाणूस होतात. मला तसं लिहायचं नाही.

सर आमचे केंद्रप्रमुख होते. केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा, तीनशे बारा पोरं आणि आम्ही तेवीस मास्तर-मास्तरणी. सगळी गावं धानाच्या बांध्यांमधली, म्हणजे भातखाचरांमधली, जवळचं स्टेशन सौंदड. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात आमची अब्रू फारशी झाकलेली नाही.

मागच्या वर्षी वाचनात आमचं केंद्र तालुक्यात दुसरं आलं होतं. कागदावर. पोरांची वाचन-चाचणी आम्हीच घ्यायची, आकडे आम्हीच भरायचे आणि आपली पाठ आपणच थोपटायची, असा शिरस्ता होता.

जुलैत सर जुन्या मोटरसायकलवरून माझ्या शाळेत आले. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका. लग्न लागून पंगती उठल्या की पत्रिकेचं काम संपतं. सर त्या गावोगाव मागून घ्यायचे. पुस्तकातला धडा पोरांना पाठ असतो, पत्रिका कुणाला पाठ नसते, असं त्यांचं गणित.

माझ्याकडे पहिली ते चौथीची सव्वीस पोरं. दुसरी खोली गळते आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी, म्हणून सगळी एकाच खोलीत. त्यात चौथीतली रेणू माझा हुकमी एक्का. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जमुनाबाईची ही नात. कोणताही धडा काढा, बोट ओळीवरून सरकवत घडाघडा वाचायची. मी तिलाच पुढे केलं.

सरांनी पुस्तक बाजूला सारलं आणि तिच्या हातात पत्रिका दिली. रेणूनं बोट ठेवून सुरुवात केली, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." पहिली ओळ बरोबर होती. पुढे मात्र तिनं गावातल्या बिसरामच्या लग्नाचा सगळा मजकूर म्हणून दाखवला, सहभोजनाच्या वेळेसकट. हातातली पत्रिका होती तिरोड्याच्या कुणा हिमांशूची.

सर हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगी कानानं शिकली हाय."

खरं होतं ते. तीन वर्षं एकाच खोलीत बसून तिनं चारही इयत्तांचे धडे ऐकले होते. चौथीत येईपर्यंत चौथीचं पुस्तक तिच्या तोंडी बसलं होतं. अक्षरं मात्र पुरती वीसही येत नव्हती. आणि मी सलग दोन वर्षं तिच्या नावापुढे 'गोष्ट वाचते' ही चाचणीतली सगळ्यात वरची पायरी भरली होती.

सरांनी ते खोडून 'अक्षर' असं लिहिलं. अकराही शाळांत त्यांनी हेच केलं. तीनशे बारांपैकी नीट वाचणारी निघाली एकशे एकोणतीस. केंद्र दुसऱ्यावरून थेट शेवटच्या नंबरावर गेलं. तालुक्याच्या सभेत सरांना उभं करून बोलणी बसली. आम्ही तेवीस जण खाली माना घालून बसलो होतो, त्यांच्या बाजूनं कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी उलट त्यांच्यावरच फणकारले, "आठ महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. काय अडलं होतं सर?"

"काऊन चिडून राहिल्या मॅडम?" सर बशीत चहा ओतत म्हणाले. त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातलं, त्यामुळे बोलणं फिरून तलावावर आणि त्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, यायचंच. "तलावाची पार पान्यानं नाही फुटत. झिरपा दिसते अन् कोनी बोलत नाही, मनून फुटते." मग एक घोट घेऊन म्हणाले, "एप्रिलात रेणू इथून जाईल. मी बी एप्रिलातच जातो. मोठ्या शाळेत तिले क, ख, ग कोन शिकवन?"

मला जास्तच राग आला.

त्यानंतर दर गुरुवारी सर यायचे. खिचडी खाऊन झाली की ओट्यावर रेणूला घेऊन एक पत्रिका वाचायला बसायचे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मी बसायचे, आधी रागानं, मग सवयीनं. रेणू महाबेरकी. पत्रिका मिळाली की लग्न कुणाचं हे विचारायला आजीकडे पळायची. जमुनाबाई हात झटकायची, "मले कायले विचारतेस? मी तं पत्रिका रंगावरून ओळखतो." पण गावभर फिरून पदरात पत्रिका गोळा करून आणायची तीच, आणि त्यांच्यावर तिच्या बोटांची हळद लागलेली असायची.

दिवाळीपर्यंत अक्षरं झाली. महाशिवरात्र आली तरी पोरगी दोन-तीन अक्षरी शब्दांवरच अडलेली होती. जोडाक्षर दिसलं की रडायची. एप्रिलपर्यंत हे व्हायचं नाही, असं मी सरांना सांगून टाकलं. "पाहू," एवढंच ते म्हणाले.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सर आले. आम्ही शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. त्यांनी ते टेबलावर तसंच राहू दिलं. पिशवीतून एक कोरी करकरीत पत्रिका काढली आणि मला न देता रेणूला दिली. "वाच. अन् मॅडमले सांग, लगन कोनाचं हाय."

रेणूनं बोट ठेवलं. या वेळी ते भराभर सरकलं नाही. थांबत, मागे जात, पुन्हा पुढे येत तिनं वाचलं, "दुर्... दुर्गेश... दुर्गेश्वरी." मग खालचं बापाचं नाव वाचून मान वर केली आणि म्हणाली, "मॅडम, सरच्या पोरीचं लगन हाय. मे महिन्याच्या अठरा तारखेले."

जमुनाबाई झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"पुरी वाच," सर म्हणाले.

पत्रिकेच्या तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असतात, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून. रेणू तिथवर आली आणि थांबली. बोट हलेना. अडली असं वाटून मी शब्द सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच मला थोपवलं.

"सर," रेणू म्हणाली, "इथं माहं नाव हाय."

मी वाकून पाहिलं. सरांच्या पुतण्या-भाच्यांच्या ओळीत शेवटचं नाव तिचंच होतं. "पत्रिका छापायला कधी दिल्या सर?" मी विचारलं.

"महाशिवरात्रीलेच देल्या."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. यंदा आमचं केंद्र तालुक्यात शेवटून तिसरं आहे, आणि आकडा खरा आहे.

जमुनाबाई आत आली, झारा खाली ठेवून तिनं पदराला हात पुसले. "कुठं हाय नाव?" तिनं विचारलं.

रेणूनं आजीचं बोट धरलं आणि आपल्या नावावर नेऊन ठेवलं.