कापणीनंतरचे पस्तीस दिवस

नॉटिंगहॅमपासून पाऊण तासावर माझी बायको बारा एकरांत हेम्प पिकवते. इंजिनिअरिंगची नोकरी सोडून तिने हे सुरू केलं. परवाना, अर्ज आणि विमा माझ्याकडे. बर्मिंगहॅमचा एक मित्र भेटला की विचारतो, "काय रे, गांजाचा विमा झाला का?" झाड गांजाच्याच जातीचं, पण यात नशा नाही, धागा आहे, हे मी दर वेळी सांगतो. तो दर वेळी हसतो.

या वर्षी पेरणीआधी पॉलिसी वाचताना मी एका जागी थांबलो. उभ्या पिकाला गारपिटीचं आणि वादळाचं संरक्षण होतं. शेडमध्ये गेलेल्या गठ्ठ्यांना आगीचं होतं. पण हेम्प कापलं की लगेच उचलत नाहीत. तागासारखेच याचेही दांडे कुजले की साल सुटते. ताग पाण्यात बुडवतात, हेम्प शेतातच दवावर पसरून ठेवतात. त्या दिवसांत पावसाने झोडपलं तर धागा काळा पडतो आणि अख्खं वर्ष वाया जातं. नेमक्या त्याच दिवसांना विमा नव्हता.

"हे दिवस धरले नाहीत तर मी पेरणार नाही," बायको म्हणाली. "लावू गहू. पण मग नोकरी कशाला सोडली मी?"

ब्रोकरला फोन लावला, स्पीकरवर. तो सभ्य माणूस, पण सगळी हयात गव्हात गेलेली.

"कापलं की पीक घरात आलं, असंच कंपनी धरते," तो म्हणाला. मी त्याला दवाचं सगळं समजावलं. मग तो म्हणाला, "अठ्ठावीस दिवसांसाठी बोलून बघतो. त्याहून जास्त लागत नाहीत ना?"

बायकोने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"दोनदा कमी लागले," मी म्हणालो. "एकदा चौतीस."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "झालं! मिळत होतं तेही घालवलंस. कोण विचारणार होतं तुला?"

"एकोणतिसाव्या दिवशी पाऊस आला असता तर त्यांनीच विचारलं असतं."

मी मागच्या तिन्ही हंगामांची वही स्कॅन करून पाठवली: कापणी, रोजचा पाऊस, दांडे कधी उलटले, गठ्ठे कधी बांधले. मग दर मंगळवारी सकाळी नऊला फोन. तिसऱ्या मंगळवारी ब्रोकर माझा आवाज ऐकूनच हसला.

चौथ्या आठवड्यात उत्तर आलं. पस्तीस दिवस मंजूर. नुकसान झालं तर आम्ही सोसायचा वाटा आधीपेक्षा जास्त, आणि पसरलेल्या पिकातला ओलावा रोज मोजून लिहायचा.

"रोज?" बायकोने विचारलं.

"रोज."

"ही अट त्यांनी घातली की तू सुचवलीस?"

मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि पेरणीयंत्रवाल्याला फोन लावला. "शुक्रवारी या," ती म्हणाली. "बाराच्या बारा एकर."