ब्रेकमधली हवा

ट्रॅक्टरचा ब्रेक लागत नाही, असं आमचे हे आठवडाभर म्हणत होते. मळणी होऊन भाताची पोती ट्रॉलीत भरलेली, दुसऱ्या दिवशी घोटीच्या गिरणीत न्यायची, आणि शेतापासून सडकेपर्यंत सगळा उतार. आधल्या फेरीला ट्रॅक्टर थेट शेजाऱ्याच्या बांधावर चढला होता. “नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हटलं होतं. ते हसले नाहीत.

मेकॅनिक येतो येतो म्हणून आलाच नाही. नळीत हवा शिरली की ब्रेक लागत नाही, म्हणून शेवटी ती हवा काढायला आम्हीच बसलो. काम दोघांचं असतं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, सैल करून हवा बाहेर सोडायची, आणि तो परत आवळेपर्यंत पेडल सुटू द्यायचं नाही. सुटलं की हवा पुन्हा आत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नाही, म्हणून पान्हा माझ्या हातात.

“धरलंय का?”

“धरलंय.”

निपल उघडला की थोडं तेल यायचं, मग धार तुटायची. पुढच्या खेपेला पुन्हा नुसता फेस. डब्यातलं तेल संपत आलं, ऊन डोक्यावर आलं. मी मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पान्हा हातातून निसटत होता आणि मी अगदी रडकुंडीला आले होते. या उतारावर यांचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“अहो, नीट धरा ना.”

“अगं, धरलंय ना. लय जोर लावलाय.”

मी चिडून उठले. त्यांचा चेहरा लाल, मांडी ताठ, नजर समोर. पाय मात्र पेडलवर नव्हता. घसरून शेजारच्या पत्र्यावर आला होता आणि तिथंच ते जीव खाऊन दाबत होते. यांच्या साखरेच्या आजारानं पायांची जाणीव जाते, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. आठवडाभर ब्रेक नाही, हा पाय हुकत होता.

“सोडू का?” त्यांनी विचारलं.

माझी नजर त्यांच्या पायावरच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मग दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलला, पेडलवर ठेवला आणि म्हणाले, “आता धरलंय. उघड.”